सुतभरकाकांची चौकोनी नळी

टेलरबाईंनी सुतभरकाकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना दिसले ते फक्त पाय. चढावर बंद पडलेल्या बसखालून ते बाहेर आले होते. पँट वर सरकली होती आणि डाव्या मोज्यावर, घोट्यापाशी, रफू केलेलं दिसत होतं. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या, शिवणकामात नुकत्याच पडलेल्या. त्यांची नजर दुसरीकडे जाणं शक्यच नव्हतं. रफूचे टाके सगळे एका लांबीचे होते. बायका रफू करताना टाके अंदाजाने घालतात. हे टाके मोजून घातलेले होते.

बाईंच्या मांडीवर शाळेच्या अठरा गणवेशांचं गाठोडं होतं आणि ते दहाच्या आत पोचवायचं होतं. साडेदहा वाजून गेले होते. ड्रायव्हर खाली वाकून विनवत होता, "अहो, चालेल हो तेवढं. मी सावकाश नेतो."

"सुतभर सरकलंय," बसखालून आवाज आला.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाईंना ते माप ठाऊक होतं, म्हणूनच त्यांचं डोकं जास्त तापलं. त्या खाली उतरल्या आणि त्या पायांना म्हणाल्या, "अहो, सुतभरासाठी चाळीस माणसं खोळंबलीत इथे!"

"चाळीस आहेत म्हणूनच," पाय म्हणाले.

बाई परत जाऊन बसल्या. बस आणखी वीस मिनिटांनी निघाली. वर्षभराने त्याच माणसाशी त्यांचं लग्न झालं, आणि नव्या खोलीत पलंग कुठे ठेवायचा हे ठरवायला नवऱ्याने चार दिवस घेतले. तेवढे दिवस दोघं जमिनीवर झोपले.

डेपोतल्या लोकांनी त्यांना सुतभर हे नाव दिलं, गल्लीने त्याला काका जोडलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी रस्त्यात बंद पडली असं कधी झालं नाही. घरातली गोष्ट मात्र वेगळी होती. डेपोत वरती फोरमन असायचा. तो घड्याळ दाखवायचा, की गाडी सुटायची. घरी फोरमन नव्हता. स्वयंपाकघरातली फळी लावायला तीन वर्षं गेली, कारण भिंतच सरळ नव्हती आणि आधी भिंतीचा प्रश्न सोडवायला हवा होता. लेकीच्या सायकलला मागे कॅरिअर बसवायचं कबूल केलं होतं. ते तयार झालं तेव्हा अप्रतिम झालं होतं, पण लेक ती सायकल सोडून कॉलेजात जायला लागली होती. लेक हसली होती तेव्हा. बाईंना ते हसणं नीट आठवत होतं, कारण त्यात राग नव्हता. सवय होती.

ही लेक आता मधमाश्या पाळायची. ऑफिसातली नोकरी सोडून तिने गावाबाहेर एक घर भाड्याने घेतलं होतं आणि मागच्या अंगणात चाळीस पेट्या मांडल्या होत्या. काकांना पहिल्या दिवसापासून माश्या आवडल्या. पेटीतल्या दोन चौकटींमध्ये त्या ठरावीकच फट ठेवतात, जास्त झाली तर मेणाने भरून काढतात, हे कळल्यावर ते म्हणाले होते, "हे खरे कामगार!"

वर्षातला मोठा मध मिळायचा तो टेकडीपलीकडच्या फळबागेतून. बाग फुलली की जेमतेम बारा दिवस फुलं टिकतात. त्या बारा दिवसांत पेट्या झाडांखाली असल्या तर वर्ष निघालं, नाहीतर माश्यांनाच साखर घालून जगवायची पाळी. आदल्या वर्षी रोग पडून निम्म्या पेट्या बसल्या होत्या. लेकीने कशाबशा पुन्हा चाळीस उभ्या केल्या होत्या. आणखी एक वर्ष असं गेलं तर परत ऑफिस गाठावं लागेल, हे तिने आईला एकदाच सांगितलं होतं, भांडी विसळता विसळता, पाठ करून.

दरवर्षी पेट्या नेणाऱ्या माणसाने यंदा ट्रक विकला. बागवाला भला माणूस. त्याने आपला ट्रेलर द्यायचं कबूल केलं. लेकीकडे जुनी जीप होती, पण तिला ट्रेलर जोडायला मागे हुकच नव्हता.

"तयार मिळतो बाबा," लेक म्हणाली. "मागवला की चार दिवसांत येतो. खालून बोल्ट मारले की झालं."

काकांनी दुकानात जाऊन तसला एक हुक पाहिला. रचना साधी होती. जीपच्या मागे आडवा बार, त्याच्या मध्यावर एक चौकोनी नळी. त्या नळीत ट्रेलरवाल्याचा चौकोनी दांडा सरकवायचा, आडवी खीळ घालायची, आणि दांड्याच्या बाहेरच्या टोकाला जो गोळा असतो त्यावर ट्रेलरचं तोंड बसवायचं. काकांनी नळीत दांडा घालून हलवून पाहिला आणि घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी निकाल दिला.

"खुळखुळतो. दांड्याचं घर म्हणायचं त्याला की धर्मशाळा? खड्ड्याखड्ड्याला धक्का बसेल, माश्या बिथरतील. मी करतो."

लेकीने आईकडे पाहिलं. आईने सुईत दोरा ओवायला घेतला.

"बाबा, सोमवारी पहाटे निघायचंय," लेक म्हणाली. "बागवाला म्हणतो सोमवारी पहिली झाडं उमलतील. हा सोमवार."

"कुठला सोमवार ते कळलं मला."

"नाही, म्हणजे कॅलेंडरवरचा."

"अगं, कळलं म्हटलं ना!"

तयार हुक लेकीने मागवला नाही. बाईंना वाटलं, पोरीने बापाला नाही म्हणायला हवं होतं. आणि ती म्हणाली नाही याचं त्यांना बरंही वाटलं. आईचं मन म्हणजे दोन्ही बाजूंनी घालता येणारं जाकीट.

तो मंगळवार होता. त्याच दिवशी काका बागेवर जाऊन दांड्याचं माप घेऊन आले. "दांडाच घेऊन जा की," बागवाला म्हणाला होता. काकांनी कॅलिपर दाखवला. "माप घेतलंय. लोखंड कशाला वागवू?" वहीत त्यांनी लिहिलं, दांडा पन्नास मिलिमीटर, चारही बाजू. खाली दोन रेघा मारल्या. काकांचा वहीवर जितका विश्वास होता तितका सख्ख्या भावावरही नव्हता.

बुधवारी ते लोखंडाच्या दुकानात निघाले तेव्हा बाईही बरोबर गेल्या. त्यांना पलीकडच्या गल्लीतून मशीनच्या सुया घ्यायच्या होत्या. शिवाय नवऱ्याला तिथून वेळेवर बाहेर काढायला कुणीतरी हवंच होतं.

दुकान म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. दोन्ही अंगांना मांडण्या आणि त्यांवर नळ्यांची तोंडं, गोल गोलांत, चौकोनी चौकोन्यांत. तेलाचा वास, पायाखाली लोखंडाचा भुसा. लोखंडवाला काट्याजवळ बसून कान कोरत होता. काकांना पाहताच त्याने काडी खिशात टाकली.

"या काका. आज किती दिवस?"

"चावटपणा नको. चौकोनी नळी दाखव. आतून पन्नासाहून थोडी मोठी."

"सगळं जग बाहेरून माप सांगतं, तुम्ही आतून सांगता."

"जगाला बाहेर उभं राहायचंय. माझ्या दांड्याला आत जायचंय."

पहिली नळी साठाची निघाली, चार मिलिमीटर जाडीची. काकांनी तोंड न्याहाळलं, मापलं, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि मान हलवली. "आतून बावन्न. सैल. आणि पातळ किती! खिळीचं भोक पाडलं की कडेला कागद उरेल. ओढ बसली की फाटत जाईल."

"बरं. हीच साठाची, पाच जाडीची."

"आतून पन्नास. पन्नासात पन्नास कसं जाईल? एका बाहीत दोन हात?"

"तेल लावा."

"तुझ्या डोक्याला लावतो."

अशा अकरा नळ्या झाल्या. बाई पोत्यावर बसून सगळं पाहत होत्या. नवरा गिऱ्हाईक म्हणून कसा आहे हे त्यांनी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं, आणि आपल्याकडे येऊन बाही पाव इंच कमी करा, आता परत वाढवा म्हणणाऱ्या एका बाईची त्यांना फार आठवण झाली. तिला त्या पाठीमागे काय काय म्हणत! लोखंडवाला नवऱ्याला पाठीमागे काय म्हणत असेल?

शेवटी शेडच्या टोकाला, तुकड्यांच्या ढिगात, काकांना हवी ती नळी सापडली. बाहेरून अडीच इंच, जाडी सहा मिलिमीटर, आतून साडेएक्कावन्न. दांडा सहज सरकेल आणि खुळखुळणार नाही. काकांनी ती लेकरासारखी छातीशी धरली.

"नऊ इंच काप. आणि तोंडं साफ करून दे. मागच्या वेळी कडा बोचत होत्या."

लोखंडवाल्याला हे गिऱ्हाईक पुरतं माहीत होतं. कडेला जरा कूस राहिली तरी हे महाशय तुकडा घेऊन परत येणार. त्याने तुकडा कापला आणि ग्राइंडर घेऊन दोन्ही तोंडं आतून-बाहेरून इंचभर अशी घासली की चकाकायला लागली. "घ्या, आरसा करून दिलाय. भांग पाडा."

काकांनी दोन्ही तोंडांना कॅलिपर लावला. साडेएक्कावन्न, साडेएक्कावन्न. वहीत लिहिलं. खाली तीन रेघा.

बाईंनी सवयीने विचारलं, "आतून बघितलंत का?" कापड हातात आलं की उलटी बाजू पाहायची, ही त्यांची सवय.

"तोंडाशी साडेएक्कावन्न म्हणजे मध्येही साडेएक्कावन्न. लोखंड आहे ते, त्याचं पोट थोडंच सुटतंय!"

आणि खरोखरच गुरुवार-शुक्रवारात काकांनी हुक तयार केला. भाड्याचं वेल्डिंग मशीन आणलं, जीपखाली चटई टाकून झोपले, आडवा बार बसवला, त्याला नळी जोडली, खिळीचं भोक पाडलं, काळा रंग मारला. शुक्रवारी संध्याकाळी हात धुतले तेव्हा बाईंनी घड्याळाकडे नाही, कॅलेंडरकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात काकांचं काम मुदतीच्या दोन दिवस आधी झालं होतं. त्या खूश होऊन शेजारणीला सांगून आल्या. तेच नडलं असावं.

शनिवारी दुपारी लेक बागवाल्याकडून दांडा घेऊन आली. काकांनी तो फडक्याने पुसला, नळीच्या तोंडाशी धरला आणि जरा नाटकीपणेच म्हणाले, "बघ आता, लोण्यातून सुरी."

दांडा इंचभर आत गेला आणि थांबला. खट्ट.

काकांनी तो बाहेर काढला, फिरवून घातला. इंचभर. खट्ट. चारही बाजूंनी घालून झाला.

"दांड्यालाच काहीतरी झालंय," ते म्हणाले. दांडा मापला. पन्नास. नळीचं तोंड मापलं. साडेएक्कावन्न. वही उघडून पाहिली. वहीतही तेच. तीन ठिकाणी बरोबर असलेली गोष्ट चौथ्या ठिकाणी चूक होती, आणि ते चौथं ठिकाण म्हणजे जीप.

बाईंनी बाजूला होऊन नळीत बोट घातलं. गुळगुळीत तोंड संपलं आणि बोटाला एक उभा उंचवटा लागला, थेट आतपर्यंत गेलेला. पत्रा वळवून नळी करतात तेव्हा कडा जिथे जोडतात तिथला सांधा.

"अहो, इथे शिवण आहे. आतल्या अंगाला."

काका गुडघ्यांवर बसले. त्यांनी बोट घातलं, मग बॅटरी आणून डोळा लावला. बराच वेळ त्यांनी डोळा काढलाच नाही. दोन मिलिमीटरची वरंबी होती. तोंडाशी ती लोखंडवाल्याने ग्राइंडरने साफ करून टाकली होती. आरसा करून दिला होता ना! दुसऱ्या कुणा साध्या गिऱ्हाइकाला त्याने तुकडा तसाच खरबरीत दिला असता, आणि त्याला ती शिवण दुकानातच दिसली असती. पस्तीस वर्षं काकांनी नळ्या वापरल्या होत्या त्या बाहेरून, बसच्या सांगाड्यांना. नळीच्या पोटात शिरायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

लेक बोटांवर दिवस मोजू लागली. तयार हुक आता मागवला तर बुधवारी येणार, म्हणजे बारातले दोन-तीन दिवस गेलेच; शिवाय वेल्ड केलेलं सगळं कापून काढायचं.

"ग्राइंडरने दांड्यालाच खाच पाडू," लेक शेवटी म्हणाली. "शिवण खाचेतून जाईल. पाच मिनिटांचं काम."

"दांडा आपला नाही," काका म्हणाले. मग उठून उभे राहिले आणि जीपकडे बघत म्हणाले, "चूक माझी आहे. मी तोंड बघितलं, आत बघितलं नाही. तुझी आई विचारत होती."

लेकीने चमकून आईकडे पाहिलं. हे वाक्य तिने या घरात ऐकलं नव्हतं. बाईंनी तरी कुठे ऐकलं होतं?

"कानस आहे ना लांब?" बाईंनी विचारलं. "मग बसा घासायला. उसवायला शिवण्यापेक्षा वेळ लागतो, पण उसवता येतं."

नळी दोन्हीकडून उघडी होती. तोंडाच्या बाजूने काका बसले, मागच्या बाजूने जीपखाली लेक आडवी झाली. कानशी दोन होत्या. एक आत जाई तेव्हा दुसरी बाहेर येई. नाहीतर मध्ये टक्कर. पहिल्या तासात चार वेळा टक्कर झाली.

"बाबा, माझी पाळी होती!"

"तू दोनदा घेतलीस."

"मोजताय?"

"मग! मोजणारच."

अंधार पडेपर्यंत दांडा तीन इंच आत गेला. खिळीच्या भोकापर्यंत सात हवे होते. रविवारी सकाळी चहा होताच पुन्हा सुरू. आता अडचण अशी झाली की दांडा कुठे अडतोय ते कळेना. आत काळोख, आणि शिवण एका जागी घासली जाऊन दुसऱ्या जागी तशीच. काका डोळे बारीक करून अंदाज बांधत होते, आणि अंदाज हा काही त्यांचा प्रांत नव्हता.

बाई आत गेल्या आणि निळ्या खडूची वडी घेऊन आल्या, कापडावर खुणा करायची. दांड्याच्या त्या बाजूला त्यांनी खडू दाट फासला. "घाला आता. अडेल तिथे दाबा. काढा."

दांडा बाहेर आला तेव्हा खडू एका ठिकाणी नखाएवढा पुसला गेला होता. साडेचार इंचांवर, डावीकडे.

काका त्या पुसल्या गेलेल्या नखाएवढ्या जागेकडे बघत राहिले. "हे तू कुठे शिकलीस?"

"गिऱ्हाइकाला कोट काखेत टोचतो तेव्हा दुसरं काय करतात?"

मग काम पळायला लागलं. खडू फासायचा, घालायचा, काढायचा, पुसलं असेल तिथेच घासायचं. दुपारी तीनला सहा इंच. चारला, एका कुरकुरीनंतर, दांडा सरकत आत गेला आणि दोन्ही भोकं एकासमोर एक आली. लेकीने जीपखालून खीळ घातली. काकांनी दांडा धरून हलवला, उभा, आडवा. खुळखुळला नाही.

लेक जीपखालून बाहेर आली. लेकीच्या केसांत लोखंडाचा भुसा चमकत होता.

"मी निघते," ती म्हणाली. "बागेतून ट्रेलर आणायचाय, आणि माश्या आत शिरल्या की संध्याकाळीच पेट्या बंद करायला हव्यात."

काकांनी बॅटरी घेतली, नळीत पाहिलं. "आतली इंचभर शिवण अजून तशीच आहे."

हा सूर बाई ओळखत होत्या. याच सुराने फळी तीन वर्षं खाल्ली होती. लेकीनेही किल्ली मुठीत घट्ट धरली.

"दांडा तिथवर जातच नाही ना बाबा?"

"जात नाही."

"मग?"

काकांनी कानस पाहिली, नळी पाहिली, मावळतीकडे गेलेलं ऊन पाहिलं. मग कानस फडक्यात गुंडाळली. "मग काय? राहू दे. जा तू, उशीर होतोय."

लेक गेली ती हात न धुताच. तिने गाडी इतक्या घाईने वळवली की बाईंना वाटलं, तिलाही भीती असावी, म्हातारा मन बदलेल.

सोमवारी पहाटे साडेपाचला काका आणि बाई लेकीकडे पोचले तेव्हा चाळीस पेट्या ट्रेलरवर दोरांनी बांधून तयार होत्या. काका पुढे बसायला तयार होईनात. मागच्या सीटवर उलटे, गुडघ्यांवर बसून, मागच्या काचेतून ते नळीकडे बघत राहिले, तीस किलोमीटर. खड्डा आला की ते "हं" म्हणत. बाई पुढून ते "हं" मोजत होत्या, एकोणीस झाले. चढावर लेकीने गिअर बदलला तेव्हा ट्रेलरने जरा ओढ घेतली, आणि काकांनी सीटची पाठ अशी घट्ट धरली की ट्रेलर तेच ओढत आहेत असं वाटावं.

बागेत पोचले तेव्हा पूर्वेच्या कडेची दोन झाडं उमलली होती, बाकीची कळ्यांत होती. लेकीने पेट्या झाडांखाली मांडल्या आणि एकेकीचं दार उघडत गेली. पहिल्या माश्या बाहेर आल्या, पेटीसमोर दोन-चार गिरक्या घेऊन वर गेल्या. लेक ट्रेलरच्या कडेला टेकली आणि तिने बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. काकांनी ते हलवलं नाही, पण ते वाकून हुकाकडे बघत होते, त्यामुळे ते डोकं जरा तिरकंच राहिलं.

त्या वर्षी मध बरा झाला. लेक ऑफिसात परत गेली नाही.

याला आता तीन वर्षं झाली. सुतभरकाका मंगळवारी आणि शुक्रवारी लेकीकडे जातात, तिच्या पेट्यांच्या चौकटी जोडून देतात, दुपारी तासभर झोपतात आणि संध्याकाळी लेक त्यांना जीपने घरी आणून सोडते.